वादळानंतरचा पहिला प्रश्न

धुळे

प्रिय दोस्ता,

तीनदा फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. बोलता बोलता पुन्हा भलतंच तोंडून जाईल, म्हणून लिहितोय.

वादळाच्या दुसऱ्या दिवशी मी चोपड्याहून तुझ्या शेतावर आलो, तेव्हा तू बांधावर उभा होतास. पंधरा-वीस दिवसांत कापणीला येणारी केळीची बाग, घडांसकट सगळी एका अंगावर आडवी. आणि मी गाडीवरून उतरता उतरता विचारलं, "विमा काढला होतास ना?"

तू "पाणी पी" म्हणालास आणि ठिबकचा कॉक बंद करायला गेलास. लाइट रात्रीपासून गेलेली, नळ्यांत थेंब नाही. तरी तू पाठमोरा बसून तो कॉक फिरवत राहिलास. महिना झाला, ती पाठ डोळ्यांपुढून हलत नाही.

माझ्या मनात काय होतं ते सांगतो, सारवासारव म्हणून नाही. वाऱ्याने झालेलं नुकसान ७२ तासांच्या आत विमा कंपनीला कळवावं लागतं. रस्ताभर डोक्यात तेच; एक रात्र तर गेलीच होती. मला वाटलं, मी तुझ्या कामाचंच बोलतोय. पण विमा काढायची ऑक्टोबरअखेरची मुदत माईच्या दवाखान्याच्या धावपळीत हुकली, हे वहिनींनी मला नंतर सांगितलं. म्हणजे माझा प्रश्न तुझ्या कानात 'चूक तुझीच' असाच वाजला असणार. मीही तसाच ऐकला असता.

तुला ताईच्या सोयरिकीचं आठवतं? पुण्याचे पाहुणे आले आणि आमची आई होणाऱ्या व्याह्यांना म्हणाली, "ये भाऊ, तू बस." अहिराणीत देवालाही तू आणि पाहुण्यालाही तू. आईने जीव लावून म्हटलं, त्यांना ते उद्धट वाटलं. किती दिवस आपण त्या पाहुण्यांना नावं ठेवली! ऐकणाऱ्याच्या बाजूने तेव्हा विचारच केला नाही. त्यातून आपल्याला सडेतोडपणाचा भारी अभिमान. खरं बोललो ना, मग झालं, असं मी आजवर मानत आलो. तुझ्यापुढे ते चाललं नाही, आणि चालायला नकोच होतं.

मी आधी तुझ्याशेजारी बसायला हवं होतं. मुक्यानेच. विम्याचं तासाभराने वहिनींना बाजूला घेऊन विचारता आलं असतं. बहात्तर तासांतला एक तास तुझ्याजवळ गेला असता, तर काय बिघडलं असतं?

माझं चुकलं, दोस्ता.

पडलेली खोडं अजून शेतातच आहेत आणि मजूर मिळत नाहीत, असं वहिनी म्हणाल्या. रविवारी पहिल्या एसटीने निघतो. विळा तिथलाच घेईन. केळीच्या चिकाचे डाग निघत नाहीत, म्हणून जुना सदरा घालून येतोय. माईला सांग, दुपारी कळण्याची भाकरी आणि ठेचा पुरे.

तुझाच,
नाना