हेडसेटचा डेमो केबिनमध्ये नको, वर्कशॉपवर घ्या

संपादक साहेब, नमस्कार.

मिक्स्ड रिॲलिटी हेडसेटची (डोक्याला लावला की समोरच्या खऱ्या जगावर संगणकाची चित्रं दाखवणारा) कोटेशनं संस्थेत आली की एकच वाद होतो, महागडा प्रोफेशनल घ्यायचा की स्वस्तातला घरगुती. मी मशीन शॉपला शिकवतो, दोन्ही डोक्याला लावून बघितलेत म्हणून लिहितोय.

मेटाच्या घरगुती क्वेस्ट ३ मध्ये समोरचं जे दिसतं ते कॅमेऱ्याने टिपून आतल्या स्क्रीनवर दाखवलेलं असतं, मायक्रोसॉफ्टच्या प्रोफेशनल होलोलेन्स २ ची काच आरपार असते, आपण आपल्याच डोळ्यांनी बघतो आणि चित्र काचेवर उमटतं. ऐकायला फरक बारीक वाटतो पण मी क्वेस्ट लावून व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) धरला तर ०.०२ मिमीच्या रेघा एकमेकींत मिसळल्या, कुठली जुळतेय ते काही केल्या कळेना, काचेतून तोच व्हर्नियर नीट वाचता आला. शिवाय कॅमेरावाल्याची बॅटरी गेली की डोळ्यांसमोर अंधार, चालू लेथपाशी हे परवडणार नाही! उलट मुलांना गिअरबॉक्स उघडून दाखवायचा तर क्वेस्टच भारी, होलोलेन्समध्ये चित्र मधल्या छोट्या चौकोनातच दिसतं, मान जरा वळवली की गिअरबॉक्स अर्धा कापला जातो.

आणि महाग म्हणजे टिकाऊ हे डोक्यातून काढा. होलोलेन्स २ चं उत्पादन मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये थांबवलं, अपडेट २०२७ अखेरपर्यंतच. मेटाचा महागडा क्वेस्ट प्रो २०२२ ला १५०० डॉलरला आला, २०२५ च्या सुरुवातीला विक्री बंद. विंडोज मिक्स्ड रिॲलिटी (पीसीला हेडसेट जोडायचं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर) तर विंडोज ११ मधूनच काढून टाकलं, त्यावर चालणारे हेडसेट नव्या अपडेटनंतर चालेनात. असे चार हेडसेट मी एका संस्थेत कपाटात बघितले, एकाच्या पट्ट्यावरचं प्लास्टिकही काढलं नव्हतं. मुलांच्या फीचे पैसे हो ते, फार वाईट वाटलं.

तेव्हा खरेदी समितीला कळकळीची विनंती, अपडेट कुठल्या तारखेपर्यंत मिळणार ते विक्रेत्याकडून लेखी घ्या, सोबत तगडा पीसी लागतो का ते विचारा (व्हार्यो एक्सआर-४ या हेडसेटला लागतो, तो खर्च कोटेशनमध्ये धरलेला नसतो), आणि एसी केबिनमधला दहा मिनिटांचा डेमो चालवून घेऊ नका, शॉपवर घाम येत असताना चष्मा असलेल्या मुलाच्या डोक्यावर अर्धा तास राहू द्या, मग त्यालाच विचारा.

- एक शिल्प निदेशक, नाशिक जिल्हा