धूळ झटकणाऱ्या लेकीस

सांगली

चि. रेश्मास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. कॉलेजच्या ग्रंथालयात धूळ झटकताना वर्गातल्या मुली हसल्या, म्हणून ‘कमवा व शिका’ योजनेतून नाव काढावे असे तुझ्या मनात आले आहे. खर्चाचे पैसे मी पाठवीन, त्याची चिंता नको. पण आधी माझे म्हणणे ऐकून घे.

तू शिकतेस त्या साताऱ्यात ही योजना दया म्हणून आलेली नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले आणि तिथल्या मुलांना स्वतःची कामे स्वतः करायला लावली. पुढे १९४७ साली निघालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात हीच रीत ‘कमवा व शिका’ झाली. स्वतः भाऊराव एके काळी किर्लोस्करांचे नांगर विकत हिंडले होते. राबून शिकलेला मुलगा कोणाचा मिंधा राहत नाही, हा त्यांचा रोकडा हिशेब होता.

माझे तोलाईचे काम तू जवळून पाहिलेले नाहीस. सौदा झाला की हळदीची पोती काट्यावर चढतात. त्याआधी मी रिकाम्या काट्यावरचे शून्य शेतकऱ्याला दाखवतो आणि मग प्रत्येक वजन त्याला ऐकू जाईल असे पुकारतो. पोत्यामागे अर्धा किलो इकडचा तिकडे झाला, तरी चाळीस पोत्यांत वीस किलो हळद जाते आणि विक्रीच्या हिशेबपट्टीवर ते कुठेच दिसत नाही. महिनोन् महिने रान सांभाळून, हळद काढून, शिजवून, वाळवून, पॉलिश करून आणलेला माणूस शेवटी माझ्या आकड्यावर भरवसा टाकून उभा असतो. तेव्हा माझा सदरा पिवळा झाला आहे की नाही, हे कोण पाहतो? तुझ्याकडेही तसेच आहे. चुकीच्या फळीवर गेलेले पुस्तक असून नसल्यासारखे, आणि ते शोधणाऱ्या मुलीचा अख्खा दिवस वाया.

श्रमप्रतिष्ठेवर भाषण करणाऱ्यांवर (त्यांची पिशवी बहुधा दुसराच उचलतो) माझा फारसा विश्वास नाही. हमालाला मान मिळाला तो अण्णासाहेब पाटलांसारख्यांनी माथाडींची संघटना बांधली आणि १९६९ च्या कायद्याने नोंदणी, मजुरी, भविष्य निर्वाह निधी यांची जबाबदारी ठरवून दिली, तेव्हा. म्हणून तूही कामाचे तास वहीत मांडत जा आणि ठरलेला मोबदला मागताना संकोचू नकोस.

अभ्यास मागे पडत असेल, तर नाव काढायला माझी हरकत नाही. परीक्षेपुरते तास कमी होतात का, तेही विचारून पाहा. मुली हसतात एवढेच कारण असेल, तर मात्र मला ते पटत नाही. निर्णय तुझा आहे. काय ठरले ते रविवारी फोनवर सांग.

तुझे
बाबा