खोकं हातात घेऊन बघायला लावणाऱ्या ताईंना

गावभाग, सांगली

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव या पत्रात घालत नाही. विचारलं असतं तर "कशाला काका" म्हणाला असता, आणि न विचारता घालणं बरं दिसत नाही. पण आभार चारचौघांत मानायचे असं ठरवलंय, कारण तुम्ही आम्हाला जे सांगितलंत ते पोरांसाठी पैसे मोजणाऱ्या बाकीच्या आईबापांच्याही कामाचं आहे.

मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी. कॉम्प्युटर म्हणजे टॅली आणि जीएसटीचं रिटर्न, एवढीच आपली ओळख. २०२५च्या उन्हाळ्यात लेकीची बारावी झाली आणि तिनं गेमिंगचा पीसी मागितला. मी सांगून टाकलं, मॉनिटरसकट ६० हजार, त्यावर एक रुपया मिळायचा नाही. मग ती एका दुकानातून कोटेशन घेऊन आली. 'आय-७ गेमिंग पीसी, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक, आरजीबी कॅबिनेट, ५०० वॅट एसएमपीएस फ्री', मॉनिटर सोडून ४८ हजार. (एसएमपीएस म्हणजे घरची वीज पीसीच्या भागांना लागेल तशी करून देणारा डबा.) तो कागद घेऊन आम्ही बापलेक तुमच्याकडं आलो.

तुम्ही कागद वाचलात आणि विचारलंत, "आय-७ ठीक आहे, पण कितव्या पिढीचा?" ते कागदावर कुठंच नव्हतं. लेकीनं तिथूनच दुकानाला फोन लावला, तर तिसऱ्या पिढीचा निघाला. म्हणजे मूळचा २०१२ सालचा माल, धुऊनपुसून नव्या डब्यात बसवलेला. तुम्ही त्या दुकानाबद्दल एक शब्द वाईट बोलला नाहीत. एवढंच सांगितलंत की आय-७ हा इंटेलच्या प्रोसेसरवरचा आकडा दर्जा सांगतो, वय सांगत नाही. २०२२ साली आलेल्या बाराव्या पिढीच्या आय-३ मध्येसुद्धा त्याच्याएवढेच ४ कोअर (काम करणारे हात) आणि ८ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं) आहेत आणि वेगात तो या म्हाताऱ्या आय-७ला सहज मागं टाकतो. शिवाय विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या खाली अधिकृतपणे चालत नाही, विंडोज १०चे अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद होणार होते, आणि लेकीला खेळायचा होता व्हॅलोरंट हा ऑनलाइन गेम, ज्याला विंडोज ११वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी दोन्ही लागतात. मला यातलं निम्मं कळलं. पण मालाचं वय विचारल्याशिवाय भाव बोलायचा नाही, हे यार्डातल्या माणसाला कुणी वेगळं शिकवायला लागत नाही.

त्यानंतर तुम्ही पार्टांची यादी करायला घ्याल असं वाटलं होतं. तुम्ही लेकीला विचारलंत, काय खेळणार, आणि कुठल्या पडद्यावर? ती म्हणाली, फोर-के. तेव्हा तुम्ही माझ्या हातात कॅल्क्युलेटर दिलात, हे मला फार आवडलं. फुल एचडी पडदा म्हणजे १९२० गुणिले १०८०, झाले २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. फोर-केचे ८२ लाख ९४ हजार ४००, म्हणजे बरोबर चौपट. आणि हे सगळे ठिपके ग्राफिक कार्डानं सेकंदाला कितीतरी वेळा नव्यानं रंगवायचे. साध्या फुल एचडीवर १४४ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा, धरलं तरी सेकंदाला जवळपास ३० कोटी. पडदा मोठा घेतला की कार्ड मोठं, कार्ड मोठं की एसएमपीएस मोठा, आणि ६० हजार कुठल्या कुठं. २४ इंची फुल एचडी, १४४ हर्ट्झच्या वरचा मॉनिटर, असं तिथंच ठरलं आणि बाकीचं गणित आपोआप खाली उतरलं.

प्रोसेसर रायझन ५ ५६००, ६ कोअर, १२ थ्रेड. त्याचा धाकटा भाऊ ५५०० थोडा स्वस्त होता आणि माझी नजर तिकडंच होती. त्याची कॅशे (प्रोसेसरच्या पोटातली जलद मेमरी) १६ एमबी आणि ५६००ची ३२, गेममध्ये तो फरक दिसतो, आणि ५५०० ग्राफिक कार्डाशी जुन्या वेगानंच बोलतो, हे सांगून तुम्ही माझी नजर परत आणलीत. उलट लेक पाण्याच्या कूलरसाठी हट्ट धरून बसली होती, तिला तुम्ही ६५ वॅटच्या प्रोसेसरसोबत येणारा पंखा दाखवलात आणि म्हणालात, "हा फुकट आलाय आणि पुरतो." कार्ड आरएक्स ६६००, ८ जीबीचं, १९,८०० रुपयांना. सगळ्या खर्चाचा तिसरा हिस्सा एकट्या कार्डाला गेला, आणि गेमिंगसाठी तो तसाच जायला पाहिजे हे तुम्ही आधीच बजावलं होतंत. सेकंडहँड कार्डाचंही मी विचारून बघितलं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या डिजिटल चलनाचं ग्राफिक कार्डांवर चालणारं मायनिंग थांबलं आणि तिथं रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली, बिल आणि उरलेली वॉरंटी असेल तरच हात लावा, म्हणालात. विषय संपला.

आता त्या एसएमपीएसबद्दल. ताई, बाकी सगळं विसरेन, हे विसरणार नाही.

टेबलावर तुम्ही दोन खोकी ठेवलीत. एक कॅबिनेटसोबत फुकट येतो तसला, अंगावर ठसठशीत ५०० वॅट. दुसरा ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा दाखला) लिहिलेला, ३,७०० रुपयांचा. "काका, दोन्ही हातात घेऊन बघा." पहिला पोकळ डब्यागत, दुसरा चांगला जड. मग तुम्ही दोन्हींचं लेबल वाचायला लावलंत, तेही मोठ्या अक्षरांतलं सोडून खालचा बारीक तक्ता. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टच्या लाइनवर जगतात, म्हणून तेवढाच रकाना बघायचा. फुकटवाल्यावर १२ व्होल्टला १६ अँपिअर. बारा सोळे एकशे ब्याण्णव. ५०० वॅटचा डबा कामाच्या लाइनवर १९२ वॅट देणार! दुसऱ्यावर ४५ अँपिअर, म्हणजे ५४०. आमची गरज किती? कार्ड १३२, प्रोसेसर जोरात असताना ७५च्या आसपास, बाकी पंखे, एसएसडी (गेम साठवायची डिस्क), बोर्ड मिळून आणखी पन्नासेक. तीनशेच्या आत. लेक लगेच म्हणाली मग ७५० वॅटचा घेऊ, पुढं कामाला येईल. तुम्ही तिलाही थांबवलंत. साधारण निम्म्या भारावर हा डबा सर्वांत कमी वीज वाया घालवतो, ब्राँझवाला तिथं घेतलेल्या विजेतली ८५ टक्क्यांच्या आसपास कामाला लावतो, आणि ५५०वर आम्ही बरोब्बर तिथंच होतो. उरलेले पैसे एसएसडीत घालून ५०० जीबीच्या जागी १ टीबी घ्या, हा सल्ला तर सोन्यासारखा निघाला. एकेक गेम शंभर जीबी खातो हे मला कुठं माहीत!

कॅबिनेटला पुढं काच नको, जाळी पाहिजे, यावरून लेक दोन दिवस फुगून बसली होती. आमच्या माडीवर पत्रा आहे. एप्रिल-मे मध्ये सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा त्या खोलीत माणूस बसत नाही, तर काचेमागं कोंडलेला पंखा हवा कुठून ओढणार? आणि माडी सोडून खाली ठेवायचा प्रश्नच नाही. २०१९ साली कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पुराचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हापासून आमच्या घरात विजेची कुठलीही किमती वस्तू खालच्या मजल्यावर राहत नाही. तुम्हीही कुपवाडात राहून हे न सांगता ओळखलंत.

जोडणी तुम्ही स्वतः केली असती तर तासाभरात उरकली असती. तुम्ही लेकीला करायला लावलीत. त्या प्रोसेसरच्या पोटाला १,३३१ पिना असतात, एक वाकली की कपाळाला हात. तिनं कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवला, आणि तुम्ही म्हणालात, "दाबायचं नाही, नुसता ठेवायचा, तो आपला आपण बसतो." तो बसला आणि तिनं कळ खाली केली तेव्हा माझाच श्वास अडकला होता. रॅम ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या घेतल्या होत्या, १६ची एक नाही, कारण दोन असल्या की दोन वाटांनी माल येतो. त्या शेजारी-शेजारी न लावता दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावायच्या, हेही तिथंच कळलं. रॅमचे भाव नंतर जे चढले ते बघता उन्हाळ्यातच घेऊन टाका म्हणालात ते किती बरं झालं, बोलायचं काम नाही. हळदीनं आम्हाला २०२३ मध्ये असंच तोंडात बोट घालायला लावलं होतं.

घरी आल्यावर दोन गोष्टी तुम्ही सेटिंगमध्ये जाऊन केल्यात, त्या मी मुद्दाम लिहितो, कारण तेवढ्याच राहून गेल्यामुळं पैसे देऊनही लोक अर्ध्या वेगावर खेळत बसतात असं तुम्हीच सांगितलं होतंत. एक, बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगावर नेणारं सेटिंग) चालू करणं. ३२००ची रॅम त्याशिवाय २४०० किंवा २६६६वरच पळत राहते. दोन, विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये हर्ट्झ बदलणं. मॉनिटर कितीचाही असो, विंडोजनं त्याला ६०वर बसवून ठेवलं होतं. आणि केबल मदरबोर्डाला नाही, ग्राफिक कार्डाला. आमच्या प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक नाही, चुकीच्या भोकात घातली तर पडदा काळाच.

पण त्या सगळ्याच्या आधी, पीसीचं बटण दाबायच्याही आधी, तुम्ही पर्समधून टेस्टर काढलात. प्लग लावलात, कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला टेस्टर टेकवलात, आणि तो पेटला. मला वाटलं पीसीत शॉर्ट आहे, संपले ६० हजार. तुम्ही शांतपणे भिंतीवरचा स्विचबोर्ड उघडायला सांगितलात. आमचं घर जुनं. तीन पिनांचं सॉकेट होतं, पण वरच्या मोठ्या भोकामागं अर्थिंगची वायरच नव्हती. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींपासून पत्र्याला जोडलेले असतात, अर्थिंग असलं की त्यांतून झिरपणारी वीज जमिनीत जाते, नसलं की पत्रा अधांतरी साधारण अर्ध्या दाबावर, शंभर-सव्वाशे व्होल्टवर राहतो. करंट अगदी थोडा, म्हणून झिणझिण्या येतात, माणूस फेकला जात नाही. पण आत खरोखर काही बिघडलं तर वाचवणारं कोणी नाही. आमच्या जुन्या फ्रिजला हात लावल्यावर जे मुंग्यांसारखं व्हायचं आणि आई ज्याला "ओल आलीय" म्हणायची, त्याचं कारणही मला त्या दिवशी कळलं.

तुम्ही प्लग काढलात आणि म्हणालात, "आधी वायरमन, मग गेम." लेकीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. वायरमननं परसात खड्डा घेतला, पाइप उभा केला, कोळसा-मीठ भरलं, माडीपर्यंत हिरवी वायर ओढली. तुम्ही परत येऊन टेस्टर टेकवलात, पेटला नाही, तेव्हा पीसी चालू झाला. हा खर्च ६० हजारांच्या बाहेरचा. मी एका शब्दानं कुरकुरलो नाही, तेवढं माझ्या नावावर जमा करा.

घरच्या जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर हा पीसी लावायचा नाही, हा तुमचा दमही पाळतोय. महावितरणची लाइट गेली की बंद पडतो, लेक ओरडते, आम्ही ऐकतो.

बिलं सगळी फाइलला आहेत, प्रत्येकावर सिरीयल नंबर आहे. "बिल नको असेल तर १८ टक्के वाचतील" असं म्हणणारा एक भेटला होता, त्याला मीच हाकललं, ती तुमची नाही, आमच्या धंद्याची शिकवण. सामान सगळं मिळून ५९,२०० झालं. तुम्ही मजुरी ७०० रुपये घेतलीत आणि त्याची पावती दिलीत. जास्त देऊ केले तर हात मागं घेतलात. सल्ल्याचे पैसे लावले असते तर मी दिले असते, हे इथं लिहून ठेवतो.

आणखी एक. त्या सगळ्या बोलण्यात तुम्ही लेकीशी बोलून मला सोडून दिलं नाहीत. दुकानादुकानांत बघितलंय, पोराशी भाषा जुळली की बापाकडं फक्त कार्ड स्वाइप करायला बघतात. तुम्ही दर वस्तूला माझ्याकडं वळून कारण सांगितलंत, मला झेपेल अशा आकड्यांत. त्यामुळं आता घरात कोणी एफपीएस (सेकंदाला किती चित्रं) म्हटलं की मी मान डोलावत नाही, किती आले ते विचारतो.

यूपीएस पुढच्या पगाराला घ्यायचा विचार आहे. ६०० व्हीएचा ३६० वॅटच देतो हे मी परवा लेबलवर वाचलं, तेही बारीक अक्षरांतलं. आमच्या भाराला तो पुरेल, पण या एसएमपीएसला साधा चालेल की प्युअर साइन वेव्ह, म्हणजे महावितरणच्या लाइनीसारखी वीज देणाराच लागेल, तेवढं सांगा. रविवारी फोन करतो. आणि यार्डाकडं आलात तर अडतीवर या, राजापुरी हळद काढून ठेवलीय, तिचे पैसे घेणार नाही, पावतीही मिळणार नाही.

आपला,
माडीवरच्या पीसीचा बाप