एचएसएच्या अर्जातील एका रकान्याविषयी

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

१ जुलैपासून ऑस्टिनच्या कंपनीचा हाय-डिडक्टिबल विमा, म्हणजे सुरुवातीचा मोठा खर्च आपणच करायचा असा आरोग्यविमा, तुला लागू होत आहे आणि एचएसएच्या, म्हणजे त्या विम्यासोबतच्या करसवलतीच्या आरोग्य-बचत खात्याच्या अर्जात तू या वर्षी पगारातून भरायची रक्कम म्हणून ४,४०० डॉलर लिहिणार आहेस, असे काल फोनवर म्हणालीस. तो आकडा लिहिण्यापूर्वी हे पत्र वाच.

४,४०० ही आयआरएसने, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय कर खात्याने, २०२६ सालासाठी एकट्याच्या विम्याला ठरवलेली खात्यात भरण्याची मर्यादा आहे. कुटुंबाच्या विम्याला ती ८,७५० आहे. मात्र कंपनी तुझ्या खात्यात भरणार असलेले ६०० डॉलर याच मर्यादेत मोजले जातात. शिवाय ही मर्यादा महिन्यांच्या हिशेबाने मिळते. जूनपर्यंत तुझा विमा विद्यापीठाचा होता आणि तो या खात्यासाठी पात्र नव्हता, म्हणून तुझ्या वाट्याला सहा महिन्यांचे २,२०० येतात.

१ डिसेंबरला पात्र असणाऱ्याला पूर्ण वर्षाची रक्कम भरण्याची मुभा आहे, हे तू वाचले असशीलच. पण ती घेतलीस तर ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत तुला याच प्रकारच्या विम्यावर राहावे लागेल. मध्येच नोकरी बदलून वेगळा विमा घेतलास, तर जास्तीचे भरलेले २,२०० तुझ्या उत्पन्नात धरले जातील आणि त्यांवर १० टक्के जादा कर बसेल. पुढच्या वर्षी पुन्हा शिकायला जाण्याचा तुझा विचार अजून मावळलेला नाही, म्हणून मला ही मुभा तुझ्यासाठी धोक्याची वाटते.

हे मी अनुभवातून सांगतो आहे. २०२४ च्या जुलैत मी नोकरी बदलली. खात्यात नव्या ठिकाणाहून किती जाते हे जुन्या कंपनीला ठाऊक नव्हते, जुन्या ठिकाणाहून किती गेले हे नव्या कंपनीला, आणि मला कोणी विचारलेही नाही. मार्चमध्ये कराचे कागद भरायला बसलो, तेव्हा दोन डब्ल्यू-२, म्हणजे दोन्ही कंपन्यांनी दिलेले वर्षाच्या पगाराचे व कराचे दाखले, टेबलावर शेजारी शेजारी ठेवून बाराव्या चौकटीतले डब्ल्यू अक्षरापुढचे, या खात्यात गेलेल्या रकमेचे आकडे मिळवले: ४,६०० आणि ४,८००, म्हणजे ९,४००. कुटुंबाच्या विम्याला त्या वर्षीची मर्यादा ८,३०० होती. वरचे १,१०० आणि त्यांवरची वाढ १५ एप्रिलपूर्वी काढून घेतली म्हणून निभावले, नाहीतर ती रक्कम खात्यात राहील तितकी वर्षे दरवर्षी ६ टक्के दंड भरावा लागला असता. ती रात्र तुझ्या आईला आणि मला झोप नव्हती.

म्हणून अर्जात १,६०० लिही. बारा पगारांतून प्रत्येकी सुमारे १३३ डॉलर जातील आणि कंपनीचे ६०० धरून बरोबर २,२०० होतील. डिसेंबरात तुझा बेत पक्का झाला आणि तू त्याच विम्यावर राहणार असलीस, तर उरलेली रक्कम १५ एप्रिल २०२७ पर्यंत स्वतः भरता येते, त्यामुळे आज थांबल्याने तुझे काही बुडत नाही. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही. इकडे न्यू जर्सीत मात्र राज्य या खात्याला सवलत देत नाही, हे इकडे परत यायचे झाले तर ध्यानात ठेव.

मला या वर्षी पंचावन्न पूर्ण होत असल्याने माझ्या खात्यात १,००० जादा भरता येतील. तोही हिशेब मांडायचा आहे. पहिली पगाराची पावती आली की मला पाठव. कंपनीचे ६०० तिच्यात कोणत्या ओळीत दाखवले आहेत, ते आपण दोघे मिळून पाहू.

तुझे बाबा