फोडांवर मलम, पण रक्ताची तपासणी कधी?

महोदय,
माझ्या मावसभावाच्या कपाळावर मोत्यासारखे, मधोमध खळगा असलेले फोड आले, तेव्हा ‘नागपूरचं ऊन आहे, उष्णता झाली असेल’ म्हणून आम्ही सोडून दिलं. मग पाठीवर नागीण उठली, बोटांच्या बेचक्यांत खरूज झाली. एका दवाखान्यात चार महिने नुसती मलमं बदलली. रक्त तपासा, असं कोणी म्हटलं नाही. शेवटी एचआयव्ही निघाला, सीडी४ पेशी (रक्तातल्या, प्रतिकारशक्ती राखणाऱ्या पेशी) २०० च्या बऱ्याच खाली.

प्रतिकारशक्ती इतकी ढासळली की त्वचेवर एकाच वेळी दोन-तीन संसर्ग होऊ शकतात. मोलस्कम या विषाणूचे आणि क्रिप्टोकोकस या बुरशीचे फोड दिसायला सारखेच असतात, आणि ही बुरशी मेंदूपर्यंत पोचलेली असू शकते. म्हणून एका निदानावर न थांबता फोडाचा तुकडा काढून तपासायला हवा.

एचआयव्ही आटोक्यात ठेवणारी एआरटीची औषधं सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने अशा रुग्णांशी भेदभाव करायलाही बंदी आहे. तरी आमच्याच घरात त्याचा कप वेगळा ठेवला जातो, ते पाहून जीव तुटतो.

त्वचेचा त्रास घेऊन पुन्हा पुन्हा येणाऱ्या रुग्णाला, त्याची संमती घेऊन, एचआयव्ही तपासणी सुचवावी, अशी शहरातल्या डॉक्टरांना कळकळीची विनंती.

– एक वाचक, नागपूर