नवे पोर्टल नको, दोन कायमची माणसे द्या

मा. विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री,
गोवा सरकार, पर्वरी.

सप्रेम नमस्कार.

गोव्याच्या किनाऱ्याच्या आणि रानाच्या शास्त्रीय नोंदी ठेवण्यासाठी राज्याने स्वतःचे वेगळे पोर्टल उभारू नये, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. अनेक देशांनी मिळून उभारलेली व्यवस्था तयार आहे. सागरी जीवांच्या नोंदी ‘ओबिस’ या जागतिक साठ्यात जातात. २००९पासून ते युनेस्कोच्या आंतरसरकारी समुद्रविज्ञान आयोगाकडे आहे. एकूण जैवविविधतेसाठी ‘जीबिफ’ हा तसाच साठा आहे. ते २००१मध्ये स्थापन झाले, सचिवालय कोपनहेगनला. नोंदी तिथवर पोहोचवणारी ‘आयपीटी’ प्रणाली फुकट मिळते आणि साध्या सर्व्हरवर चालते. अडते ते आपल्या बाजूला.

गोव्याला हे सहकार्य नवे नाही. १९६०च्या दशकातल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून १९६६ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली आणि दुसऱ्या मोहिमेचा आरंभ ४ डिसेंबर २०१५ रोजी गोव्यातच झाला. वास्कोच्या ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे राष्ट्रीय ध्रुवीय डेटा केंद्र आहे. केंद्रीय संस्थांना निदान वाट ठाऊक आहे. पण पंचायतींच्या जैवविविधता नोंदवह्या, खात्यांची सर्वेक्षणे, पर्यावरणीय अहवालांची परिशिष्टे यांतले बरेच काही पीडीएफमध्ये अडकून राहते, आणि पीडीएफमधला तक्ता कुठल्याही जागतिक साठ्यात आपोआप जात नाही.

तो तक्ता बाहेर काढताना काय होते, हे नीट पाहावे. पणजी १५ अंश ३० मिनिटे उत्तर आणि ७३ अंश ५० मिनिटे पूर्व इथे आहे. वहीतले हे आकडे संगणकावर सर्रास १५.३० आणि ७३.५० असे भरले जातात. दशांशात ते १५.५० आणि ७३.८३ हवेत. एवढ्या चुकीने नोंद सुमारे २२ किलोमीटर दक्षिणेला आणि ३५ किलोमीटर पश्चिमेला सरकते, म्हणजे थेट अरबी समुद्रात. नोंद चोडण बेटावरच्या पक्ष्याची असेल तर चूक डोळ्यांत भरते. माशाची असेल तर कुणाला संशयही येत नाही. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल त्या मानाने बरी, कारण नोंद नॉर्वेच्या उत्तरेला जाऊन पडते आणि तपासणीत लगेच सापडते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशांवरून घेतलेले बिंदू ‘एव्हरेस्ट’ या जुन्या भूमापन संदर्भाचे असतात, जीपीएसचे ‘डब्ल्यूजीएस-८४’ या आजच्या जागतिक संदर्भाचे. गोव्यात या दोन्हींत शे-दीडशे मीटरचा फरक पडतो. मोरजी किंवा गालजीबागच्या वाळूतले कासवाचे घरटे पाण्यात दाखवायला तेवढा पुरेसा आहे.

तारखांचे दुखणे याहून लपलेले. अमेरिकी मांडणीच्या एक्सेलमध्ये ३-४-२०२३ ही तारीख ३ एप्रिल न राहता ४ मार्च होते. १३-४-२०२३ मात्र मजकूर म्हणून जशीच्या तशी राहते. त्यामुळे महिन्यातल्या पहिल्या १२ दिवसांच्या तारखा गुपचूप बिघडतात, बाकीच्या ठीक दिसतात आणि तपासणारा फसतो. उपाय एकच: वर्ष, महिना, दिवस या क्रमाने २०२३-०४-०३ असे लिहायचे. नावांचेही तसेच. शिनाणे, म्हणजे हिरवी शिंपली, जुन्या अहवालांत मायटिलस व्हिरिडिस या नावाने आढळते, आज ते पर्ना व्हिरिडिस आहे. बेल्जियममधून चालणाऱ्या ‘वर्म्स’ या सागरी जीवांच्या नामसूचीतला क्रमांक सोबत जोडला की दोन्ही नोंदी एकत्र येतात. प्रत्येक नोंदीला ओळख क्रमांक एकदाच द्यावा. ओळीचा क्रमांकच ओळख म्हणून वापरला, तर पुढच्या वर्षी यादीचा क्रम बदलताच सगळे जुने संदर्भ चुकतात.

आणि ‘काही आढळले नाही’ हीसुद्धा नोंदच असते. किती किलोमीटर किनारा चालला, किती माणसे होती, किती वेळ, हे लिहिलेले नसेल तर दोन हंगामांची तुलना करता येत नाही.

नोंदी इतरांना वापरू देण्याच्या परवान्याचा मुद्दा छोटा, पण त्यावाचून गाडी पुढे जात नाही. जीबिफ ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’चे (सीसी) तीनच परवाने स्वीकारते: सीसी-झिरो, सीसी-बाय आणि सीसी-बाय-एनसी. भारत सरकारचा २०१७चा खुला डेटा परवाना त्यांत नाही. म्हणून खात्याच्या आदेशात ‘सीसी-बाय ४.०’ असे स्पष्ट लिहावे.

खुलेपणाची भीती आम्ही हलक्यात घेत नाही. घरट्याचा नेमका बिंदू जाहीर करणे धोक्याचे आहे. अक्षांश-रेखांश दशांशाच्या एका स्थळापर्यंत ठेवले तर जागा सुमारे ११ किलोमीटरपर्यंत धूसर होते, दोन स्थळांपर्यंत ठेवले तर सुमारे एक. असे केल्याची नोंद ‘डार्विन कोअर’ या जैवविविधता नोंदींचे रकाने ठरवणाऱ्या मानकात त्यासाठीच्या रकान्यात करायची आणि मूळ आकडे वन खात्याकडे राहू द्यायचे. नोंदवह्यांतले वैदूंचे औषधी ज्ञान मात्र या व्यवस्थेत जाऊच नये. ते गावाचे आहे.

हे सगळे करायला सल्लागार कंपनी लागत नाही. दोन प्रशिक्षित डेटा व्यवस्थापक लागतात, कायम पदांवर. मुदतीच्या प्रकल्पावर नेमलेला माणूस जातो, पासवर्ड त्याच्याबरोबर जातो, सर्व्हरचे शुल्क थकते आणि संकेतस्थळाचा पत्ता बंद पडतो. शिवाय नोंदींच्या प्रत्येक संचाची एक प्रत राज्याकडे आणि एक बाहेर हवी. २०२५ मध्ये अमेरिकेच्या ‘नोआ’ या सरकारी हवामान व महासागर संस्थेने अब्ज डॉलरांवर नुकसान करणाऱ्या आपत्तींची आपली यादी अद्ययावत करणे थांबवले. कुठल्याही एका देशाच्या भरवशावर राहणे आता परवडणारे नाही.

आपल्या खात्याकडून दोन गोष्टी हव्यात. पहिली, ही दोन पदे. दुसरी, राज्याच्या पैशातून होणाऱ्या प्रत्येक सर्वेक्षणाच्या निविदेत एक अट: डार्विन कोअर रकान्यांतली फाइल तपासून स्वीकारल्याशिवाय शेवटचा हप्ता मिळणार नाही. सागरी नोंदी ओबिसच्या भारतातील ‘इंडोबिस’ या केंद्रामार्फत पाठवता येतील. कासवांचा हंगाम नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होतो. परिपत्रक त्याआधी निघाले, तर येत्या हंगामाच्या नोंदी पहिल्या दिवसापासून योग्य रकान्यांत भरल्या जातील.

आपले विश्वासू,
गोव्यातील सागरी व जैवविविधता डेटावर काम करणारे