सोलापूर–मुंबई विमानप्रवासाचा खरा वेळ छापावा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर २०२५ मध्ये सोलापूर–मुंबई विमानसेवा सुरू झाल्यापासून गावात एक हिशोब सर्रास ऐकू येतो: हवाई अंतर सुमारे ३६० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर, म्हणजे अर्ध्या तासाच्या आत मुंबई. माझ्या मेहुण्यांनी याच हिशोबावर विसंबून परळच्या एका रुग्णालयातील तपासणीची वेळ घेतली आणि ती चुकली. आजारी माणसाच्या बाबतीत असे घडू नये, म्हणून हे पत्र.

हवाई अंतर म्हणजे दोन विमानतळांमधील, पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेले, सर्वांत कमी अंतर. रेल्वेने हेच अंतर ४५५ किलोमीटर भरते, कारण रूळ कुर्डुवाडी, दौंड, पुणे करत बोरघाटातून उतरतात. विमानाला घाट नाही. तरी तेही या सरळ रेषेवरून जात नाही. त्याला आखून दिलेले हवाई मार्ग असतात आणि वाऱ्याचा रोख पाहून ठरलेल्या दिशेनेच धावपट्टीवर उतरावे लागते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि गर्दीच्या वेळी विमानाला आकाशात घिरट्या घालत थांबावे लागते. शिवाय इतक्या जवळच्या प्रवासात बराचसा वेळ वर चढण्यात आणि खाली उतरण्यात जातो. पूर्ण वेग मिळतो तो जेमतेम काही मिनिटे. हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात, त्यामुळे मुंबईला जाताना ते समोरून येतात आणि परतताना पाठीशी असतात.

विमान कंपनीच्या वेळापत्रकातील वेळ विमान इथल्या जागेवरून हलल्यापासून तिथे थांबेपर्यंतची असते, म्हणून भरवसा तिच्यावरच ठेवावा. तीत सुटण्यापूर्वी किमान तासभर आधी पोहोचण्याचा आणि मुंबईतील रस्त्यावरचा वेळ मिळवावा लागतो. होटगी रस्त्यावरचा आपला विमानतळ शहराला लागून आहे, ही फार मोठी सोय आहे. पण इथे वाचलेला वेळ सांताक्रूझहून परळ गाठताना सहज खर्ची पडतो.

तरीही वंदे भारतला लागणाऱ्या सुमारे साडेसहा तासांच्या तुलनेत विमानाने बराच वेळ वाचतो, आणि ही सेवा सोलापूरने किती वर्षे मागितली हे आम्हा सर्वांना ठाऊक आहे. म्हणूनच तिच्याविषयीची माहिती अचूक असावी. आपल्या दैनिकात विमानसेवांच्या बातम्या देताना हवाई अंतराशेजारी वेळापत्रकातील सुटण्याची व पोहोचण्याची वेळ आणि विमानतळावर किती आधी हजर राहावे, हेही छापावे, ही नम्र विनंती. सकाळी लवकर तपासणी असलेल्या रुग्णांनी मात्र आदल्या दिवशीच निघावे किंवा रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरावी.

आपला,
एक वाचक, सोलापूर